अचलपूरचा डास

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला इंग्रज लोक एलिचपूर म्हणत. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही जुनी राजधानी. विसावं शतक उजाडलं तेव्हा तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला विल्यम ग्लेन लिस्टन नावाचा एक तरुण डॉक्टर तिथल्या विहिरी, ओढे, डबकी आणि घरं पालथी घालून डास गोळा करत होता. वर्षभराची ही टिपणं १९०१ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये छापून आली. त्याच वर्षी लिस्टननं तिथल्या एका डासाला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिलं. जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टिफेन्स या मलेरिया संशोधकाच्या सन्मानार्थ ठेवलेलं ते नाव होतं ॲनॉफिलीस स्टिफेन्साय. आज जगभरातल्या शहरी हिवतापाच्या चर्चेत हे नाव पहिल्या ओळीत येतं. त्याचा मूळ नमुना वऱ्हाडातला आहे, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

लिस्टनच्या कामाची किंमत कळायची असेल, तर त्याआधी काय ठाऊक होतं ते पाहायला हवं. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी दिसला. हिवताप दलदलीच्या दूषित हवेनं होतो, ही हजारो वर्षांची समजूत तिथे संपली. पण रॉसला डासांचे प्रकार नावानिशी ओळखता येत नव्हते. पंखांवर ठिपके असलेला तपकिरी डास, एवढंच वर्णन त्याच्याजवळ होतं. ठिपक्यांच्या पंखांचे डास तर भारतात डझनांनी आहेत. त्यांतले बरेचसे गुराढोरांचं रक्त पितात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. काहींच्या अंगात परजीवी वाढतच नाही. माणसाला हिवताप देणारे त्यांत मोजकेच. मग मारायचा कोणता? तो राहतो कुठे, अंडी कुठे घालतो? रॉसनंतरचा सगळा इतिहास या प्रश्नांमागे धावलेल्या माणसांचा आहे. माझं म्हणणं असं, की या देशात हिवतापाला जेव्हा जेव्हा खरी वेसण बसली, तेव्हा आधी कुणीतरी हे प्रश्न चिकाटीनं सोडवले होते. आणि हे प्रश्न विचारणं बंद झालं, तेव्हा ताप परत आला.

हे काम डोळ्यांचं आणि बोटांचं आहे. हिवतापाचे डास ज्या वंशातले, तो ॲनॉफिलीस भिंतीवर बसला की शेपटाकडची बाजू वर उचलून तिरका बसतो. गटारातला क्युलेक्स भिंतीला समांतर बसतो. पाण्यात हे उलटं होतं. क्युलेक्सची अळी श्वासाची नळी पाण्याच्या पृष्ठाला लावून डोकं खाली करून लोंबकळते. ॲनॉफिलीसच्या अळीला ती नळी नसते, म्हणून ती पाण्यावर आडवी पसरते. विहिरीतून काढलेलं पाणी पांढऱ्या तामचिनीच्या भांड्यात ओतलं की हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. पुढचं काम भिंगाचं. सोंडेशेजारच्या मिशांवर पांढरे पट्टे किती आणि केवढे, पायांवर ठिपके आहेत की पाय साधे आहेत, पंखाच्या कडेवर काळे-पांढरे डाग कुठे पडलेत. स्टिफेन्सायच्या पायांवर आणि मिशांवर बारीक ठिपक्यांची शिंपण असते. ग्रामीण हिवतापाचा मोठा वाहक जो क्युलिसिफेसीस, त्याचे पाय साधे असतात. एवढ्यावरून वाहक आहे की नाही ते मात्र ठरत नाही. त्यासाठी मादी मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवून, बारीक सुयांनी तिचं डोकं हळूच ओढून, मागोमाग येणाऱ्या लाळेच्या ग्रंथी वेगळ्या काढाव्या लागतात. त्या काचेखाली दाबल्या की सूक्ष्मदर्शकात परजीवीच्या सुईसारख्या बारीक अवस्था दिसल्या पाहिजेत. एका ग्रंथीत त्या सापडाव्यात म्हणून शेकडो डास चिरावे लागतात.

लिस्टन आणि सिडनी प्राइस जेम्स यांनी मिळून १९०४ साली भारतातल्या ॲनॉफिलीस डासांवर एक ग्रंथ काढला. त्याच साली इकडे आमच्या कोल्हापूरकडच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. या दोन घटनांचा एकमेकींशी तेव्हा काडीचा संबंध नव्हता. पुढे मात्र यंत्रावर चालणाऱ्या गावांचा आणि स्टिफेन्सायचा संबंध फार जवळचा ठरला. लिस्टन स्वतः मुंबईला गेला आणि प्लेगकडे वळला. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवणाऱ्यांमध्ये त्याचं नाव आहे. अचलपूरला त्यानं नाव दिलेला डास मुंबईत आधीपासून मुक्कामाला होता.

मुंबईचा प्रसंग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा वाटतो. अलेक्झांड्रा गोदीचं बांधकाम चालू होतं, हजारो मजूर शहरात आले होते आणि १९०८ च्या सुमाराला हिवतापानं उचल खाल्ली. लोकांचं बोट सवयीनं घाण पाण्याकडे गेलं: गटारं, दलदल, खाजण. सरकारनं चार्ल्स बेंटली या डॉक्टरला तपासासाठी नेमलं. १९०९ ते १९११ या काळात त्यानं मुंबई बेट अक्षरशः घरोघर तपासलं.

बेंटलीची पद्धत साधी होती. शाळांमध्ये जाऊन मुलांची पोटं तपासायची. वारंवार हिवताप होणाऱ्या मुलाची प्लीहा वाढते. आपल्याकडे तिला पानथरी म्हणतात. डाव्या बरगडीखाली बोटं घालून ती चाचपता येते. कोणत्या भागातल्या किती मुलांना पानथरी आहे ते मांडत गेलं की आपोआप तापाचा नकाशा तयार होतो. त्या नकाशाशेजारी त्यानं दुसरा नकाशा मांडला, अळ्यांचा. दोन्ही जुळवल्यावर जे दिसलं ते लोकांच्या समजुतीच्या अगदी उलटं होतं. ताप दलदलीला चिकटून नव्हता. फोर्टसारख्या जुन्या, दाट आणि चांगल्या वस्तीच्या भागात तो ठाण मांडून होता. तिथे घराघरात विहिरी होत्या. वाहक होता स्टिफेन्साय, आणि त्याला हवं होतं स्वच्छ, स्थिर, सावलीतलं पाणी.

या विहिरींचाही एक इतिहास आहे. १८६० साली विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं, १८९२ ला तानसाचं आलं. नळ घरात आल्यावर विहिरीचं पाणी प्यायची गरज उरली नाही. विहिरी मात्र राहिल्या. कुठे बागेसाठी, कुठे घोड्यांसाठी, बऱ्याच ठिकाणी देवधर्मासाठी. उपसा थांबला, पाणी निवांत झालं आणि डासांना सोन्याची जागा मिळाली. बेंटलीनं १९११ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं: विहिरी बुजवा, नाहीतर डास आत शिरणार नाही अशा पक्क्या झाका.

त्यावर मुंबईत केवढा गदारोळ उठला! पालिकेकडे अर्जांचा पाऊस पडला. पारशी कुटुंबांना विधींसाठी विहिरीचं पाणी लागे आणि त्या पाण्यावर आकाशाचा उजेड पडला पाहिजे, अशी श्रद्धा होती. हिंदूंच्या विहिरीत कुठे देव होता, कुठे पीर, कुठे जागल्या. विहीर बुजवली की घरातलं माणूस दगावतं, असं लोक छातीला हात लावून सांगत. पालिकेत तेव्हा काम करणारे रुस्तम पेस्तनजी मसानी यांच्या नजरेखालून हे वाद गेले. त्यातून त्यांना विहिरींच्या लोकश्रद्धांचा अभ्यास करावासा वाटला आणि १९१८ साली ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे त्यांचं पुस्तक निघालं. डास मारायच्या मोहिमेतून लोकसाहित्याचं पुस्तक जन्माला यावं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. मसानींनी या लोकांची टर उडवली नाही. ज्या देशात पाण्यानं माणसं जगवली, तिथे पाण्याच्या जागेला जीव आहे असं वाटणारच. पालिकेनंही शेवटी समजुतीनं घेतलं. विहीर पक्क्या झाकणानं बंद करायची आणि पाणी काढण्यापुरतं जाळीचं दार ठेवायचं, अशी वाट निघाली. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही शाबूत आहे आणि पारशी मंडळी आजही तिथे जातात.

जाळ्या मात्र गंजतात, फाटतात, दारं उघडी राहतात. १९२८ साली मेजर गॉर्डन कॉव्हेल यानं मुंबईचा पुन्हा तपास केला, तेव्हा डासानं नवी जागा शोधलेली दिसली. माणसं वर वर राहायला गेली होती, चाळी आणि इमारती उंच झाल्या होत्या, पाणी गच्चीवरच्या टाक्यांत चढलं होतं. स्टिफेन्सायही वर चढला. गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, कारंजी आणि बागेतले हौद यांचा कॉव्हेलच्या तपासात वारंवार उल्लेख येतो. मुंबईत नवी विहीर, टाकी, हौद किंवा कारंजं बांधायला पालिकेची परवानगी लागते, टाकीला घट्ट झाकण आणि तपासनिसाला वर चढायला शिडी असावी लागते, याची मुळं त्या तपासात आहेत. गच्चीवर शिडी लावून टाकीत डोकावणारा पालिकेचा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांनी बेंटली-कॉव्हेलचं काम चालू असलेलं पाहिलंय.

मुंबईबाहेर चित्र वेगळं होतं. पंजाबातल्या मियाँमीर छावणीत काही वर्षं डासांच्या अळ्या नष्ट करायचा प्रयोग झाला आणि फसला. कालव्यांचं पाणी थोपवणार कोण? त्या अपयशानंतर १९०९ साली सिमल्याला परिषद भरली, पुढे कसौलीला हिवतापाच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. रिकार्ड ख्रिस्तोफर्स आणि जॉन सिंटन या दोघांनी १९२६ साली भारताचा हिवताप-नकाशा छापला. सिंटन हा पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला सैनिकी डॉक्टर. ख्रिस्तोफर्स १०४ वर्षं जगला आणि आयुष्याचा मोठा भाग त्यानं डासांना दिला. १९३३ साली निघालेला त्याचा ॲनॉफिलीसवरचा खंड कित्येक वर्षं अभ्यासकांच्या टेबलावर उघडाच असे. १९२६ च्या त्या नकाशातून एक गोष्ट पक्की झाली. भारताचा हिवताप हा एक आजार नसून निरनिराळ्या डासांनी निरनिराळ्या भूप्रदेशांत चालवलेले अनेक आजार आहेत.

आमच्या दक्षिण महाराष्ट्राला हे सर्वांत नीट समजेल. पश्चिमेला सह्याद्री, त्याच्या पायथ्याचे झरे, ओढे आणि पाझरत्या भातखाचरांच्या कडा. तिथला डास फ्लुविआटिलिस, वाहत्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. पूर्वेला काळी माती, कालवे, मळे, नदीपात्रातले डोह. तिथला क्युलिसिफेसीस, दिवसा गोठ्यात दडणारा. आणि गावाच्या पोटात, हौद आणि टाक्यांत स्टिफेन्साय. पंचगंगेकाठी वसलेली इचलकरंजी पश्चिमेचा डोंगर आणि पूर्वेचं पठार यांच्या सांध्यावर आहे.

डोंगरातल्या डासाचा बीमोड कसा झाला, ती गोष्ट बेळगाव ओलांडून धारवाड आणि कारवारकडे जाते. हे जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतात होते. घाटमाथ्यावरच्या जंगलपट्ट्यात हिवतापानं गावंच्या गावं ओस पाडली होती. जमीन पडून होती आणि कसायला माणूस नव्हतं. १९४० च्या दशकात प्रांतानं हिवतापाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली. डॉ. डी. के. विश्वनाथन तिचं नेतृत्व करत होते आणि त्यांच्याबरोबर टी. रामचंद्र राव हे कीटकशास्त्रज्ञ होते. डीडीटी युद्धामुळे नुकतंच हाती आलं होतं. १९४६ साली धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत या मंडळींनी घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटीची फवारणी मोठ्या प्रमाणावर सुरू केली. खेड्यापाड्यांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग करणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या मोहिमांत त्याची गणना होते.

या प्रयोगाचं मर्म डासाच्या सवयीत होतं. परजीवी डासाच्या अंगात तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत मादी दर दोन-तीन रात्रींनी रक्त पिते आणि पोट जड झाल्यावर जवळच्या भिंतीवर विसावते. म्हणजे परजीवी पक्व होण्याआधी तिला चार-पाच वेळा भिंतीवर बसावंच लागतं. भिंतीवर विष असेल तर ती दहा दिवस जगतच नाही. डबक्यांमागे धावायची गरज उरली नाही. पण हे ठरवायला आधी कुणीतरी पहाटे टॉर्च आणि काचेची नळी घेऊन झोपड्यांत शिरलं होतं, भिंतीवरचे डास ओढून घेतले होते, त्यांच्या पोटातलं रक्त माणसाचं की गुराचं ते तपासलं होतं. फवाऱ्याचं यश सगळ्यांना दिसलं; ही पहाटेची मेहनत दिसली नाही. विश्वनाथन यांनी पुढे या दोन जिल्ह्यांतल्या जन्ममृत्यूंची आकडेवारी प्रांताच्या बाकी भागाशी ताडून पाहिली. फवारणीनंतर तिथली माणसं जगू लागली, वाढू लागली, हे त्यातून दिसलं.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आमचा मुलूखही त्याच राज्याच्या आरोग्यखात्याखाली आला. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. पाच वर्षांत यश एवढं दिसलं की १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ सोडून ‘निर्मूलन’ हे ध्येय ठेवलं गेलं. खांद्यावर पंप घेतलेले मलेरियावाले गावोगाव आले. भिंतीवर तारीख टाकून गेले. भांडीकुंडी अंगणात, गुरं बाहेर, म्हातारी माणसं ओट्यावर आणि घरात डीडीटीचा उग्र वास. सुरुवातीला बायकांनी त्यांचं स्वागतच केलं, कारण डासांबरोबर ढेकूणही मरत. पुढे ढेकूण मरेनासे झाले, तसा लोकांचा उत्साह ओसरला. शिवाय आपल्या घरांची रीत अशी की सण आला की भिंती सारवायच्या, पांढरी माती फिरवायची. दसऱ्यापूर्वी घर सारवलं की पावसाळ्यात मारलेलं डीडीटी शेणामातीखाली जाई. गृहिणीचं काम तिच्या जागी बरोबर होतं. फवारणीचं वेळापत्रक तिला विचारून ठरायला हवं होतं.

१९६५ च्या सुमाराला देशातले रुग्ण वर्षाला लाखभरावर आले आणि हिवतापानं एकही मृत्यू नोंदला गेला नाही. ही मानवी इतिहासातली मोठी कामगिरी होती आणि ती हजारो अनाम फवारणी कामगारांची होती. याच काळात मोठी चूकही घडत होती. डास संपणारच आहे, मग त्याचा अभ्यास कशाला, अशी हवा पसरली. कीटकशास्त्रज्ञांचं काम मागे पडलं. क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देत नाही, हे १९५९ च्या सुमाराला तेव्हाच्या मुंबई राज्यातल्याच पंचमहालात दिसून आलं होतं. शिवाय ४० हजारांहून मोठी गावं फवारणीच्या बाहेर ठेवली गेली होती. तिथे अळ्यांचा बंदोबस्त नगरपालिकांनी करायचा होता. मुंबईला बेंटली आणि कॉव्हेल मिळाले होते, मधल्या आकाराच्या गावांना कोण होतं? स्टिफेन्साय या गावांत सुखानं राहिला. शहरांसाठी वेगळी हिवताप योजना १९७१ साली आली, तोवर उशीर झाला होता. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले.

त्यानंतर अभ्यासाला पुन्हा मान आला. रामचंद्र राव तोवर पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक होऊन गेले होते. भारतातल्या ॲनॉफिलीसवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८१ मध्ये निघाला. दिसायला एकच वाटणारा डास आतून अनेक प्रकारांचा असतो, हे गुणसूत्रांच्या अभ्यासातून उलगडत गेलं. क्युलिसिफेसीसचे पाच भाऊबंद निघाले, त्यांतला एक हिवताप पसरवण्यात अगदीच कच्चा. स्टिफेन्सायच्या बाबतीत असाच भेद म्हैसूरकडे काम करणाऱ्या स्वीट आणि राव यांनी १९३७ सालीच अंड्यांवरून दाखवला होता. ॲनॉफिलीसच्या होडीच्या आकाराच्या अंड्याला दोन्ही बाजूंनी तरंगण्यासाठी फुगीर पट्ट्या असतात आणि त्यांवर आडव्या वळ्या असतात. वळ्या जास्त असतील तर तो शहरी, हिवताप पसरवण्यात तरबेज प्रकार. कमी असतील तर खेड्यातला, गुरांवर भागवणारा. भिंगाखाली एकेका अंड्याच्या वळ्या मोजत बसायचं आणि त्यावरून एका शहराला धोका किती ते ठरवायचं!

इचलकरंजीत आज यंत्रमागांच्या शेडा, सायझिंग, प्रोसेसिंग हाऊस आणि दाट वस्ती आहे. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल, सिमेंटच्या टाक्या, तळघरातले हौद भरलेले असतात. मागावर काम करायला उत्तर भारतातून, ओडिशातून, कर्नाटकातून माणसं येतात आणि सुट्टीला गावी जाऊन परततात. स्टिफेन्सायला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं आणि परजीवीला प्रवास करणारं माणूस. आज कोल्हापूर जिल्ह्यात हिवताप फार नाही; महाराष्ट्रातला त्याचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलात आणि मुंबईत आहे. आशाताई आणि आरोग्यसेवक घरी येऊन बॅरल रिकामं करायला सांगतात, हौदात गप्पी मासे सोडतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, ते लोकांना डेंग्यूचं काम वाटतं. डेंग्यूचा एडीस आणि हिवतापाचा स्टिफेन्साय एकाच टाकीत वाढू शकतात. म्हणून टाकीत नुसती अळी आहे एवढं लिहून भागत नाही; ती उभी लटकते की आडवी पसरते, हेही पाहावं लागतं.

आफ्रिकेत हा भेद ओळखायला उशीर झाला. २०१२ साली लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या जिबूती या बंदराच्या देशात स्टिफेन्साय आढळला. आफ्रिकेचे हिवताप पसरवणारे मूळ डास पावसाच्या डबक्यांतले, खेड्यांतले. शहरं त्यामानानं सुरक्षित समजली जात. जिबूतीत २०१२ साली हिवतापाचे अवघे २७ रुग्ण होते, २०२० साली ७३,५३५ झाले. दरम्यान, जिबूतीत दिसल्यानंतर चार वर्षांनी, २०१६ मध्ये, हा डास इथिओपियात सापडला आणि त्याच वर्षी श्रीलंकेतही, मन्नारला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली त्याच्यासाठी खास मोहीम जाहीर केली. त्याच साली इथिओपियातल्या दिरे दावा शहरात ऐन कोरड्या हंगामात हिवतापाची साथ आली. अभ्यासकांनी रुग्णांच्या घरांभोवतीचं साठवलेलं पाणी तपासलं, घरांतले डास पकडले. हाती लागलेल्या ॲनॉफिलीसांमध्ये बहुतेक सगळे स्टिफेन्साय होते.